चौथी कूस

कपचीकाकांचे अंगठे बघून लहान मुलं घाबरत. जन्मभर मोगरी आणि पातं धरून ते शिंगासारखे टणक झाले होते. नख कुठे संपतं आणि कातडी कुठे सुरू होते, ते सांगता येत नसे. उकळत्या चहाचं पातेलं ते फडक्याशिवाय उतरवत, आणि काकू आल्यागेल्याला सांगत, "ह्यांना कुठेच काही भाजत नाही. बोलणं तेवढं लागतं."

त्यांचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. केसांत, कॉलरमध्ये, खिशात लाकडाच्या कपच्या घेऊनच हा माणूस दुकानात यायचा, म्हणून कपचीकाका. काम लाकडी कौलं करण्याचं. सरळ वाढलेल्या झाडाचा ओंडका उभा करायचा, त्याच्या डोक्यावर जाड पातं टेकवायचं, वरून मोगरीने ठोकायचं आणि पात्याची मूठ पिळायची. चर्र आवाज करत लाकूड आपणहून उघडतं आणि बोटाएवढ्या जाडीची फळी सुटी होते. करवत ह्या कामाला लावायची नाही. करवत लाकडाच्या नसा तोडते, तुटक्या नसांतून पाणी आत शिरतं आणि लाकूड कुजतं. फोडलेल्या लाकडाच्या नसा अखंड राहतात, पाणी त्यांच्यावरून घरंगळत वळचणीला जातं. काका एवढं सगळं सांगत बसत नसत. कुणी विचारलंच तर म्हणत, "कापलेलं पाणी पितं, फोडलेलं पीत नाही," आणि पुन्हा मोगरी उचलत.

अशा छपराला खिळा नसतो. कौलांचे थर एकमेकांवर चढवायचे, त्यांच्यावर आडवी दांडकी आणि दांडक्यांवर धोंडे. कारण काही वर्षांनी सगळं उकलून प्रत्येक कौलाची कूस बदलायची असते. कौलाचं एकच टोक उन्हापावसात उघडं राहतं, बाकीचं अंग वरच्या कौलाखाली झाकलेलं. म्हणून आधी ते पालथं घालायचं, पुढच्या खेपेला टोक फिरवायचं, आणि मग पुन्हा पालथं. एका कौलाला अशा चार कुशी मिळतात. चौथी संपली की ते चुलीत जातं आणि त्याची राख भाजीच्या वाफ्यात.

कूस ओळखणं हे काकूंचं काम होतं. दर खेपेला कौलाच्या कडेला सुरीने एक खाच पाडत, पण खाचा पावसाने झिजतात, कड ढासळते. मग अंगठा. काकू कौल मांडीवर घेत आणि टोकाकडे नख दाबत. रुतलं तर चूल, नाही रुतलं तर छप्पर. कुठली बाजू वर यायची तेही तिथल्या तिथे ठरवून, तेच तोंड वर करून कौल शिडीवरून वर देत. काका न बघता घालत. लग्न झाल्यापासून हे असंच चालत आलं होतं. काकांनी कधी काकूंनी दिलेलं कौल उलटून पाहिलं नाही, आणि काकूंनी कधी छपरावर पाऊल टाकलं नाही. ह्या कारभारात मालक कोण असं कुणी चिडवलं तर काकू म्हणत, "वरचे मालक हे. खालची मी. आणि पाणी आलं की ते माझ्याकडेच येतं."

एकदा इमारतींचं शिक्षण घेणारी मुलंमुली त्यांच्या बाईंबरोबर छप्पर बघायला आली होती. बाई हुशार होत्या. ह्याला भट्टी लागत नाही, मोडतोड पुरायला खड्डा लागत नाही, आणि एका झाडाचं छप्पर जोवर टिकतं तोवर त्या झाडाच्या जागी दुसरं झाड उभं राहतं, असं त्यांनी मुलांना सांगितलं. काका ऐकत राहिले. आपण जन्मभर काय करत आलो ते त्यांना स्वतःला इतकं नीट कधी सांगता आलं नव्हतं. मग बाईंनी विचारलं, "तुमच्यानंतर कोण करणार?" 

काकू म्हणाल्या, "आमच्यानंतर ह्यांचे अंगठे काचेच्या कपाटात ठेवा."

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत.

खरं म्हणजे उत्तर सगळ्यांना दिसतच होतं. सरळ झाडं जवळपास उरली नव्हती. होती त्यांच्या सालीवरच्या रेघा जिन्यासारख्या वळत वर गेलेल्या; असं पिळाचं झाड फोडायला गेलं की फळी पंख्याच्या पात्यासारखी वाकडी निघते. काकांनी स्वतः लावलेली झाडं अजून मनगटाएवढी होती. गावातल्या घरांवर एकेक करून पत्रे चढले. शेवटी कूस बदलायला एकच छप्पर उरलं, त्यांचं स्वतःचं. त्याच्या तीन कुशी झाल्या होत्या.

ज्या वर्षी चौथी बदलायची, त्याच वर्षी थंडीच्या दिवसांत काकू सकाळी दूध ओतता ओतता भलतीकडेच बघत राहिल्या. पेला भरून दूध बाहेर वाहू लागलं तरी ओतत राहिल्या. काका म्हणाले, "अगं, बघ की." काकूंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि अर्धंच तोंड हललं.

उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. शहरातल्या इस्पितळातल्या परिचारिकेने एक खूण शिकवली: हो असेल तर डोळे मिटायचे, नाही असेल तर उघडे ठेवायचे. तेवढ्या भांडवलावर दोघांचा संसार पुढे चालायचा होता. इस्पितळात काकूंना झोप नव्हती. वर पांढरं, सपाट छत होतं आणि त्या दिवसभर त्याच्याकडे बघत पडून राहत, कुणीतरी तिथे काहीतरी लिहील म्हणून वाट बघितल्यासारख्या. परत येताना गाडीत काकांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "आता घरीच. कुठे नेऊ द्यायचा नाही मी तुला." काकूंनी डोळे मिटले. घरात खाटेवर ठेवलं, वर काळपट कौलं आणि वाकडे वासे दिसले, आणि त्या दुपारभर गाढ झोपल्या.

मुलगा शहरात बसगाड्या दुरुस्त करायचा. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. तो वाईट नव्हता. आठ दिवस रजा काढून राहिला, आईला उचलायला शिकला, कुशीवर वळवायला शिकला, आणि जाण्याच्या आदल्या दिवशी अंगणात बापासमोर बसला.

"बाबा, तुम्ही दोघं चला माझ्याकडे."

"इथे काय वाईट आहे?"

"दवाखाना कुठे आहे इथे? आईचं सगळं करायचं, वर स्वयंपाक. तुम्ही एकटे कसे करणार?"

"करतोय ना."

"हो, काल भातात मीठ दोनदा घातलंत."

"तिने खाल्ला."

"तिला नको म्हणता येत नाही, बाबा." असं बोलल्यावर त्यालाच वाईट वाटलं असावं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "आणि छप्पर? चौथी कूस आहे ह्या वर्षी. मला ठाऊक नाही असं वाटलं का? आईशिवाय बदलणार कशी?"

पत्र्याचंही बोलणं झालं. शेजारचा गवंडी, काकांच्याच वयाचा, सगळं बघून गेला होता. त्याने सांगितलं, हे वासे वेडेवाकडे, ह्यांच्यावर पत्रा टेकतच नाही. आढ्यापासून सगळं उतरवावं लागेल, नवे वासे चढवावे लागतील, आणि घरात आजारी माणूस असताना हे होणार नाही. पाऊस संपल्यावर बघू. म्हणजे हा पाऊस ह्याच कौलांखाली काढायचा किंवा घर सोडायचं.

मुलगा म्हणाला, "बरं. घर कोरडं राहिलं तर राहा. आईच्या अंगावर पाणी पडलं तर मी गाडी घेऊन येईन, आणि मग तुमचं काही ऐकणार नाही."

"नाही पडायचं."

"शब्द द्या."

"दिला म्हणतो ना."

ऊन कडक झालं तसे काका छपरावर चढले. गवंडी कुंपणापाशी येऊन उभा राहिला. त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते, नाहीतर तोही चढला असता.

"काय रे कपच्या, वर जायची एवढी घाई झालीय?"

"सिमेंट, तू जरा इकडे सरक. पडलो तर तुझ्या पोटावर पडतो, लागणार नाही."

"मी खालून देतो की कौलं."

"तुला कूस कळते?"

"मला बायको कुठल्या कुशीवर रुसून झोपलीय ते कळत नाही, लाकडाची कुठून कळणार?"

काका हसले. त्या उन्हाळ्यात ते बहुधा शेवटचं हसू.

दोघांचं काम त्यांनी एकट्याने केलं. वरून कौल काढायचं, खाली उतरायचं, बघायचं, निवडायचं, पुन्हा चढायचं. मध्येच शिडीवरून उतरून काकूंना पाणी पाजायचं, कुशीवर वळवायचं, तोंड पुसायचं. काकूंची खाट त्यांनी दाराशी ओढली होती, म्हणजे त्यांना अंगण दिसे. त्या ढिगाकडे बघत. बऱ्याचदा डावा हात उचलत आणि पाडत. काकांना वाटे, तहान लागली असेल. ते पाणी आणत. काकू डोळे उघडे ठेवत. नको.

निवडताना काकांनी आपला अंगठा दाबून पाहिला. काही कळलं नाही. त्यांना दगडावरही तसंच लागलं असतं. मग त्यांनी कौलं एकमेकांवर वाजवून पाहिली. टणटण वाजली. डोळ्यांनाही चांगली दिसली. काका मनात म्हणाले, अरे, आपण उगीच घाबरलो, ही तर जवळजवळ सगळीच चांगली आहेत. चुलीसाठी निघाली ती थोडीशीच. घरामागे शेवटच्या ओंडक्याची थोडी कोरी कौलं रचून ठेवली होती, तीही लागली नाहीत. छपराची दोन्ही पाखी, दोन्हीकडचे उतार, झाकून झाली, दांडकी आडवी पडली, धोंडे बसले. काकांनी मुलाला फोन करून सांगितलं, "झालं हो तुमचं छप्पर." आवाजात जरा ताठा होता.

पाऊस आला आणि पहिले काही तास एक थेंब आत आला नाही. लाकूड पाण्याने फुगतं आणि फटी आपणहून मिटतात, ती त्या छपराची रीतच. काका खाटेशी बसून वर बघत राहिले. मग काकूंच्या पायांकडच्या वाशावर एक थेंब जमला. तो बराच वेळ पडला नाही. नंतर पडला, आणि त्याच्या मागे दुसरा उभाच होता.

काकांनी खाट सरकवली. तिकडेही आलं. पुन्हा सरकवली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पातेली, बादली, कपडे धुवायचा टब, सगळं जमिनीवर मांडून झालं होतं आणि खाट खोलीत इकडून तिकडे फिरत होती. शेवटी चुलीजवळ एक कोरडी जागा सापडली, खाटेपेक्षा वीतभर लहान. काकांनी काकूंचे पाय दुमडून त्यांच्यावर गोणपाट घातलं.

टबातलं पाणी बाहेर ओतताना त्यांचं लक्ष अंगणातल्या उरलेल्या ढिगाकडे गेलं. चुलीसाठी काढलेली कौलं भिजत होती. त्यांनी सहज एक उचललं, आणि ते हातात ओल्या बिस्किटासारखं दबलं. दुसरं दबलं. मग शेजारचं एक, ते छपरावर घालता घालता राहून गेलेलं, चांगलं म्हणून निवडलेलं. तेही दबलं.

तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. कूस बदलायच्या आदल्या संध्याकाळी काकू नेहमी उतरवलेल्या कौलांच्या ढिगावर बादल्या बादल्या पाणी मारत. काकांना जन्मभर वाटत आलं होतं की धूळ बसावी म्हणून. उन्हात वाळलेलं लाकूड कुजकं असलं तरी टणकच वाटतं. ओलं झाल्यावरच नख रुतायचं ते रुततं. काकू दाराशी खाटेवरून हात उचलत होत्या, पाडत होत्या. पाणी. ढिगाला पाणी. आणि काकांनी काय केलं, तर पेला त्यांच्या तोंडाला लावला.

ते तसेच पावसात उभे राहिले. मग शिडी लावली.

ओल्या कौलांवर त्या वयाच्या माणसाने चढू नये, हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना बजावलं होतं. खाटेच्या वरची कुजकी कौलं काढून त्या जागी घरामागची कोरी घालायची, एवढंच करून उतरू, असं त्यांनी ठरवलं. दोन धोंडे बाजूला केले. तिसऱ्याला हात घातला तेव्हा पायाखालचं कौल मोडलं आणि डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. ते छातीवर आपटले. हाताला दांडकं लागलं म्हणून घरंगळत खाली गेले नाहीत. पाय आत लोंबकळत होता. खालून एक आवाज आला. शब्द नव्हता तो. सापळ्यात अडकलेल्या जनावरासारखा आवाज. आजारी पडल्यापासून काकूंच्या गळ्यातून निघालेला तो पहिलाच.

काकांनी पाय ओढून काढला, सरपटत शिडी गाठली, आणि आत आले ते हसत हसत. "काही नाही गं. जरा पाय सटकला." नडगी गुडघ्यापासून खाली सोलली होती. त्यांनी मोरीत जाऊन फडकं बांधलं आणि वरून पायजमा ओढला. छपराला आता मांडीएवढं भोक होतं. त्यांनी ते प्लास्टिकच्या कागदाने झाकलं, वाऱ्याने तो कागद उडून गेला, पुन्हा आणून बांधला.

संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, काय म्हणतंय घर?"

"छान आहे."

"गळतंय का?"

"छे."

मागे बादलीत थेंब पडत होते. काकांनी फोनवर हात धरला. काकू त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"आई कशी आहे?"

"मजेत. झोपलीय."

"रविवारी येतो मी. आईसाठी ती हवेची गादी मिळालीय."

"कशाला एवढ्या पावसात धावतोस? रस्ते खराब आहेत."

"येतो," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजावरून त्याला काहीतरी कळलं होतं असं वाटलं, किंवा काकांनाच तसं वाटलं.

सकाळी पावसाने उघडीप दिली. आभाळ खाली आलेलंच होतं, पण पडत नव्हता. घरामागची थोडी कोरी कौलं आता त्या भोकालाच लागणार होती. काकांना रात्रभरात अंथरुणात एकच गोष्ट सुचली होती. काकूंचा उजवा अंगठा गेला, पण डावा आहे की. कौलं आता ओली आहेत, म्हणजे नख खरं सांगेल. चुलीच्या समोरचं पाखं उकलायचं, सगळी कौलं काकूंपुढे नेऊन टाकायची. त्यांनी निवडलेली तेवढी खाटेच्या वर घालायची. बाकी घर गेलं उडत. एक खाट कोरडी राहिली म्हणजे पुरे, अंगावर पाणी पडू नये एवढाच शब्द होता.

लंगडत लंगडत त्यांनी वळचणीकडची कौलं उतरवली. हात पोचला तेवढीच, शिडीवरूनच. काकूंना उशी लावून बसतं केलं, मांडीवर गोणपाट पसरलं.

"हे बघ, चांगलं असेल तर भिंतीकडे सार. चूल असेल तर दाराकडे. कळलं?"

काकूंनी डोळे मिटले.

पहिलं कौल ठेवलं. डावा अंगठा टोकावर आला, दाबला. काकूंनी कौल दाराकडे ढकललं.

"बरं. हे?"

दाराकडे.

तिसरं, चौथं. काका वाकून ठेवत होते, काकू ढकलत होत्या. अंगठा दरवेळी टेकत होता. दाराशी ढीग वाढू लागला आणि भिंतीकडची जमीन रिकामीच राहिली. काकांनी बाहेर जाऊन खालच्या थरातली आणली, जास्त झाकलेली, चांगली असणारच अशी. तीही दाराकडे गेली.

तेवढ्यात गवंडी आला. छत्री टेकत आत शिरला, ढीग पाहिला, एक कौल उचललं आणि आपलं नख दाबलं. पुन्हा दुसरं उचललं.

"अरे कपच्या, हे चांगलं आहे. हेही. वहिनींनी कुठे टाकलं होतं हे?"

"चुलीत."

"रुतत नाही रे नख. तू बघ."

"मी काय बघू?" काका म्हणाले. "मला कळलं असतं तर ही वेळ आली असती का?"

गवंड्याने चांगली वाटलेली कौलं वेगळी काढून काकांच्या हातात दिली. काकांनी ती पुन्हा एकेक करून काकूंपुढे ठेवली. पुन्हा दाराकडे. मग काकांच्या मनात जे आलं ते त्यांना सहन झालं नाही. हिचं डोकं गेलं. अंगठा आहे, डोळे आहेत, आणि ती जाण मात्र दूध सांडलं त्या सकाळीच गेली. मग आता ह्या घरात कूस ओळखणारं कुणीच नाही.

"अगं नीट बघ ना," ते ओरडले. जन्मात पहिल्यांदा ओरडले असतील. "हे चांगलं आहे. हा सांगतोय चांगलं आहे. रविवारी पोरगा येतोय, घेऊन जाईल तुला, कळतंय का? तिसऱ्या मजल्यावर. त्या सपाट छताखाली. मला चार कौलं दे. चारच दे."

गवंडी म्हणाला, "अरे, अरे. हळू."

काका तरातरा बाहेर गेले आणि घरामागून एक कोरं कौल घेऊन आले. कधीही छपरावर न चढलेलं, कड तासलेली, अजून लाकडाचा वास असलेलं. दोन वर्षांपूर्वी काकूंनीच ते दोन मुठींच्या सुरीने तासलं होतं. हे ओळखता येत नसेल तर संपलंच.

त्यांनी ते काकूंच्या मांडीवर ठेवलं. काकूंनी त्याच्यावर हात फिरवला. टोकापासून टोकापर्यंत, कडेवरून, जिथे त्यांनी तासलं होतं तिथे जरा थांबून. उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. काकांनी नाकाशी धरलं. त्यांनी वास घेतला. अर्धा चेहरा सैल झाला. मग हात पुन्हा कौलावर आला, आणि त्यांनी ते दाराकडे ढकललं.

अंगठा ह्या वेळी टेकवलाही नाही. कौलाकडे त्या बघतच नव्हत्या. त्या काकांच्या पायाकडे बघत होत्या, पायजम्यावर जिथे लाल डाग उमटला होता तिथे.

काका खाटेच्या कडेवर बसले. गवंड्याने छत्रीची मूठ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मी वर चढू नये, असं म्हणतेस?" काकांनी विचारलं.

काकूंनी डोळे मिटले. घट्ट मिटले.

इतके दिवस त्यांनी विचारलं होतं, पाणी हवं का, दुखतंय का, वळवू का. हे एक विचारायचं राहून गेलं होतं.

"मग तुला जायचंय का? त्याच्याकडे?"

काकूंचे डोळे उघडे राहिले. त्यांत पाणी जमलं, तरी त्या मिटेनात. पापणी लवली तर त्याचा अर्थ हो होईल, ही भीती त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"नाही ना? मग मी हळूच चढतो. एकदाच. हा धरेल शिडी."

डोळे उघडेच.

"अगं, दोन्हीला नाही कसं चालेल?"

ह्याला उत्तर द्यायची खूण परिचारिकेने शिकवली नव्हती. काकूंनी डावा हात काकांच्या गुडघ्यावर, फडक्याच्या वर, ठेवला आणि तिथेच राहू दिला.

बाहेर पुन्हा सुरुवात झाली होती. चुलीच्या समोरचं पाखं अर्धं उघडं होतं, तिथून आता पाणी सरळ जमिनीवर पडत होतं. काकांनी तिकडे पाहिलं. सवयीने त्यांचं मन मोजमाप करू लागलं, शिडी कुठे लावायची, आधी कुठलं दांडकं काढायचं. गुडघ्यावरचा हात हलला नाही. वजन असं त्याला काही नव्हतं, पण काकांना त्याच्याखालून उठता येईना.

"सिमेंट," ते म्हणाले, "माझी शिडी तुझ्या घरी घेऊन जा."

"पाऊस थांबल्यावर नेतो."

"आत्ता ने. इथे राहिली तर मी चढेन."

गवंडी गुडघ्यांना शिव्या देत पावसातून शिडी ओढत घेऊन गेला.

काकांनी फोन लावला. मुलाने उचलला, मागे यंत्रांचा खडखडाट होता.

"गळतंय," काका म्हणाले.

"काय? ऐकू येत नाही, थांबा. हां, बोला."

"गळतंय रे. पहिल्या दिवसापासून गळतंय. तुझ्या आईचे पाय भिजले."

काकांना वाटलं आता बोलेल, सांगितलं होतं ना म्हणेल. तो म्हणाला, "तुम्ही वर चढला होतात?"

"हो."

"पडलात?"

"थोडा."

"रविवारपर्यंत थांबत नाही. उद्या सकाळीच निघतो. तुम्ही फक्त खाली बसा, बाबा. आईजवळ बसा."

"बसलोय," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली तेव्हा सून अंथरुणं, प्लास्टिकचे कागद, हवेची गादी, सगळं घेऊन आली होती. मुलाने आणि गाडीवाल्याने काकूंना चादरीतून उचललं. गवंडी मध्ये मध्ये करत होता आणि कुणाच्याच उपयोगी पडत नव्हता. काकांनी दोघांचे कपडे, औषधं आणि दोन मुठींची सुरी एका पिशवीत भरली. सुनेने सुरीकडे पाहिलं. "बाबा, ही तिथे कशाला?" असं तिच्या ओठांवर आलेलं दिसलं, पण ती म्हणाली, "द्या, मी पिशवी घेते."

सगळे बाहेर पडल्यावर काका दाराला कुलूप लावू लागले. ओल्याने दार फुगलं होतं, कडी बसेना. त्यांनी खांद्याने रेटा दिला.

"कुलूप कसलं लावतोस?" गवंडी म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा लागत नव्हता. "वरून सगळं उघडं आहे की."

"असू दे," काका म्हणाले आणि लावलं.

गाडीत त्यांनी काकूंचं डोकं मांडीवर घेतलं. काकू वर बघत होत्या. गाडीचं छत पांढरं होतं, सपाट. काकांनी आपला पंजा त्यांच्या डोळ्यांच्या वर, हातभर अंतरावर, आडवा धरला, जणू ऊन लागतंय. ऊन नव्हतं. वळणावळणांचा रस्ता संपेपर्यंत त्यांनी तो तसाच धरून ठेवला, हात भरून आला तेव्हा दुसरा धरला. सुनेने एकदा मागे वळून पाहिलं आणि पुन्हा समोर बघत बसली.